आंब्याच्या पानापासून कर्करोगाच्या निदानापर्यंत : ग्राफीन आणि आजचे वैद्यकशास्त्र

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कोकणातील घराच्या दारावर सणासुदीला आंब्याच्या पानांचे तोरण चढते. चार दिवसांत पाने सुकतात, तोरण उतरते आणि ती पाने परसातल्या पाचोळ्यात जाऊन पडतात. अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंत ज्या पानाला कोणी किंमत देत नाही, त्या पानाला २०१७ साली एका वैज्ञानिक नियतकालिकात मानाचे स्थान मिळाले. पवईच्या आयआयटी मुंबई या संस्थेतील मुकेश कुमावत, प्रा. रोहित श्रीवास्तव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आंब्याच्या पानांपासून ग्राफीनचे अतिसूक्ष्म कण तयार केले. हे कण अवघे २ ते ८ नॅनोमीटर आकाराचे होते. जिवंत पेशीत शिरल्यावर ते गडद तांबड्या आणि त्याच्याही पलीकडच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशात चमकत. पेशीचे तापमान बदलले की त्यांची चमकही बदले. म्हणजे एकाच कणाने दिव्याचेही काम केले आणि तापमापकाचेही.

हे ग्राफीन म्हणजे काय, रोगाचे निदान आणि उपचार यांत त्याचा काय उपयोग होऊ शकतो, आणि रायगडच्या किनाऱ्यावरील सामान्य कुटुंबाने त्यापासून आज किती अपेक्षा ठेवावी, या तीन प्रश्नांचा विचार या व्याख्यानात करावयाचा आहे.

एका अणूच्या जाडीचे वस्त्र

ग्राफीन हा कार्बनचाच एक अवतार होय. दिव्याची काजळी, चुलीतील कोळसा, पेन्सिलीतील शिसे आणि जवाहिऱ्याच्या तिजोरीतील हिरा ही सर्व कार्बनचीच रूपे. फरक आहे तो अणूंच्या मांडणीत. पेन्सिलीत जे शिसे म्हणून ओळखले जाते ते वस्तुतः ग्रॅफाइट असते, आणि ग्रॅफाइट म्हणजे कार्बनच्या पातळ थरांची एकावर एक रचलेली चवड. एक मिलिमीटर जाडीच्या ग्रॅफाइटमध्ये असे सुमारे ३० लाख थर असतात. त्यांतील एक थर सुटा केला की त्याला ग्राफीन म्हणतात. मधमाशीच्या पोळ्याप्रमाणे षट्कोनांची ही जाळी असते आणि तिची जाडी केवळ एका अणूएवढी असते.

असा एक थर वेगळा काढणे अशक्यप्राय मानले जात असे. २००४ साली इंग्लंडमधील मँचेस्टर विद्यापीठात आंद्रे गाइम आणि कॉन्स्टंटिन नोव्होसेलोव्ह या शास्त्रज्ञांनी ते साध्य केले, आणि तेही साध्या चिकटपट्टीने! ग्रॅफाइटच्या तुकड्यावर पट्टी चिकटवायची, ओढून काढायची, पट्टीवर आलेला पापुद्रा पुन्हा पुन्हा सोलायचा. अखेरीस एकच थर हाती उरला. २०१० साली या दोघांना भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

कापडबाजारातील हिशेबाने पाहू गेल्यास या पदार्थाचे नवल चटकन ध्यानी येते. एक ग्रॅम ग्राफीन एकपदरी पसरले, तर त्याने सुमारे १,३१५ चौरस मीटर जागा व्यापेल. छत्तीस इंची पन्ह्याचे सुमारे १,४४० मीटर कापड अंथरावे तेवढी ही जागा होय. तलमातली तलम मलमलही या वस्त्रापुढे घोंगडीसारखी वाटावी. पुन्हा वस्त्राच्या दोन्ही बाजू उपयोगाच्या धरल्या तर क्षेत्रफळ दुप्पट, म्हणजे सुमारे २,६३० चौरस मीटर होते. कापसाच्या एका तंतूची जाडी साधारण १२ ते २० हजार नॅनोमीटर असते हे लक्षात घेतले, म्हणजे आंब्याच्या पानातून निघालेला २ ते ८ नॅनोमीटरचा कण किती सूक्ष्म असेल याची कल्पना येईल.

वैद्यकशास्त्राला या पदार्थाचे आकर्षण वाटण्याचे कारण या हिशेबातच आहे. ज्या वस्त्राला आतला भागच नाही, ज्याचा प्रत्येक अणू पृष्ठभागावरच आहे, त्याला बाहेरच्या वस्तूचा स्पर्श झाला की तो साऱ्या वस्त्राला जाणवतो. आणि अशा वस्त्रावर लादता येणारा मालही पुष्कळ असतो. पहिल्या गुणाचा उपयोग निदानासाठी होतो, तर दुसऱ्याचा उपचारासाठी.

निदान : स्पर्शाची जाणीव

ग्राफीनमधून वीज अत्यंत सुलभतेने वाहते. त्याच्या पृष्ठभागावर एखादा परका रेणू येऊन बसला की या प्रवाहात सूक्ष्म फरक पडतो. २००७ साली मँचेस्टरच्याच शास्त्रज्ञांनी वायूचा एकेक रेणू बसला-उठला तरी ग्राफीनला त्याची चाहूल लागते, हे प्रयोगाने दाखवून दिले.

आता या ग्राफीनवर विशिष्ट प्रतिपिंडे बसवली तर? प्रतिपिंड म्हणजे शरीराने ठराविक शत्रूला पकडण्यासाठी घडवलेला आकडा. ज्या विषाणूचा वा ज्या रोगाच्या प्रथिनाचा तो आकडा असेल, तेच त्यात अडकते आणि विजेचा प्रवाह लगेच बदलतो. कोविडच्या साथीत, २०२० साली, दक्षिण कोरियातील संशोधकांनी याच तत्त्वावर कोरोना विषाणू ओळखणारा संवेदक तयार केला. त्याआधी २०१६ मध्ये त्याच देशात ग्राफीनची एक लवचीक पट्टी तयार झाली होती. त्वचेवरील घामातून साखरेचे प्रमाण मोजायचे आणि गरज पडल्यास अतिसूक्ष्म सुयांवाटे औषधही सोडायचे, अशी तिची योजना होती. औषधाचा भाग उंदरांवर तपासला गेला. घरोघरी मधुमेही असलेल्या समाजाला बोटाला सुई न टोचता साखर कळण्याचे महत्त्व सांगावयास नको.

२०२४ साली इंग्लंडमधील सॅलफर्ड रॉयल रुग्णालयात याच्याही पुढचे पाऊल पडले. मेंदूतील गाठ काढण्याची शस्त्रक्रिया चालू असता ग्राफीनची पातळ पट्टी रुग्णाच्या मेंदूवर ठेवण्यात आली. निरोगी भाग कोणता आणि रोगग्रस्त कोणता, हे विजेच्या संदेशांवरून बारकाईने ओळखता यावे हा हेतू. मेंदूत सुरी एक दोन मिलिमीटर इकडेतिकडे गेली तर माणसाची वाचाही जाऊ शकते, हे ध्यानात घेता या प्रयोगाचे मोल कळते.

उपचार : भारवाहक आणि अंगार

कर्करोगावरील कित्येक प्रभावी औषधे पाण्यात विरघळत नाहीत. म्हणून ती रक्तातून नेणे अवघड जाते. २००८ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात ग्राफीन ऑक्साइडच्या सूक्ष्म तुकड्यांवर पाण्यात मिसळणारे एक आवरण चढवून त्यावर असे औषध लादण्यात आले. ते कर्कपेशींपर्यंत पोचले आणि परिणामकारक ठरले. प्रयोगशाळेतील पेशींपुरते का होईना, ग्राफीन हे भारवाहक होऊ शकते हे सिद्ध झाले.

दुसरा मार्ग उष्णतेचा. अंधारात विजेरीवर तळहात ठेवला तर बोटे लाल दिसतात. कारण शरीर निळा-हिरवा प्रकाश अडवते आणि तांबडा काहीसा आरपार जाऊ देते. तांबड्याच्या पलीकडचा अदृश्य प्रकाश त्याहूनही खोल जातो. गाठीत जर असे कण साठवले की जे हा प्रकाश शोषून तापतात, तर बाहेरून प्रकाश टाकताच गाठ आतून तापेल आणि शेजारचा निरोगी भाग मात्र बऱ्याच अंशी वाचेल. २०१० मध्ये चीनमधील सूचौ विद्यापीठाने ग्राफीनच्या साहाय्याने उंदरांमधील गाठी अशा प्रकारे नष्ट केल्या.

या विद्येचे एक केंद्र रायगड जिल्ह्यातच आहे, ही अभिमानाची गोष्ट होय. पनवेल तालुक्यातील खारघर येथे टाटा स्मारक केंद्राची ॲक्ट्रेक ही संस्था आहे. परळच्या टाटा रुग्णालयाशेजारी चालणारी कर्करोग संशोधन संस्था २००२ साली येथे आली. येथील डॉ. अभिजित डे यांचा गट आणि आयआयटी मुंबईतील प्रा. श्रीवास्तव यांचा गट यांनी मिळून केलेले एक संशोधन २०१५ साली प्रसिद्ध झाले. त्यात ग्राफीन नव्हते, सोने होते. पण तत्त्व तेच होते. मेदाच्या अतिसूक्ष्म फुग्यावर सोन्याचा मुलामा चढवला, ते कण उंदराच्या गाठीत सोडले आणि बाहेरून लेझरचा प्रकाश टाकला. गाठ जळून गेली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, काम झाल्यावर त्या कणांचे आणखी बारीक तुकडे झाले आणि ते यकृत व मूत्रपिंड यांच्या वाटे शरीराबाहेर जाऊ लागले.

रंग पक्का आहे काय?

हे शेवटचे वाक्य नीट लक्षात ठेवण्याजोगे आहे. कापडाचा रंग पक्का की कच्चा हे दुकानातील दिव्याखाली कळत नाही. ते पहिल्या धुण्याला कळते. औषधाचेही तसेच. त्याने गाठ जाळली एवढ्यावर भागत नाही. काम संपल्यावर ते शरीरात कोठे गेले, किती दिवस राहिले आणि राहून त्याने काय केले, या प्रश्नांची उत्तरे मिळावी लागतात. सोन्याच्या कणांबाबत उत्तराचा आरंभ तरी झाला. ग्राफीनच्या बाबतीत हे अधिक बिकट आहे. कारण ग्राफीन हा एकच माल नाही. त्याचे तुकडे लहान असतात, मोठे असतात. ऑक्साइडच्या रूपात असतात, शुद्ध असतात. आवरण असलेले आणि नसलेले असतात. एका नमुन्याच्या चाचणीवरून दुसऱ्या नमुन्याला दाखला देता येत नाही.

२०२१ साली कॅनडाच्या आरोग्य खात्याने ग्राफीन असलेले मास्क वापरू नका, अशी सूचना काढली. त्यातील कण श्वासावाटे फुप्फुसात जातील अशी शंका होती. पुढे तपासणीअंती काही मास्कना पुन्हा परवानगी मिळाली. २०२४ साली ब्रिटनमधील एडिंबरा व मँचेस्टर विद्यापीठांच्या शास्त्रज्ञांनी अतिशुद्ध ग्राफीन ऑक्साइड १४ स्वयंसेवकांना दोन तास श्वासातून दिले. त्यांची फुप्फुसे, रक्तदाब, रक्त गोठण्याची क्रिया यांवर तात्काळ कोणताही दुष्परिणाम दिसला नाही. ही दिलासा देणारी बातमी खरीच. पण चौदा माणसे आणि थोडा अवधी, एवढीच तिची व्याप्ती आहे.

याउलट, कोविड लसीत ग्राफीन मिसळले आहे अशी अफवा २०२१ मध्ये घरोघरी पोचली होती. ती निखालस खोटी होती. कोविशील्ड वा कोव्हॅक्सिन यांच्या घटकांत ग्राफीन नव्हते. तरीही त्या भीतीने ज्यांनी लस टाळली, त्यांनी न झालेल्या धोक्यापायी खरा धोका पत्करला. अज्ञानाची ही दोन टोके आहेत : एक जण नव्या शब्दाला विष समजतो, तर दुसरा अमृत. दोघेही चाचणीचा निकाल वाचत नाहीत.

प्रयोगशाळा ते रुग्णशय्या

मग हे सारे रुग्णापर्यंत कधी पोचणार? याचे उत्तर खारघरच्याच एका उदाहरणावरून मिळते. रुग्णाच्या स्वतःच्या रक्तातील पेशी बाहेर काढायच्या, त्यांच्यात जनुकीय बदल करून त्यांना कर्कपेशी ओळखण्यास शिकवायचे आणि पुन्हा शरीरात सोडायच्या, असा कार-टी नावाचा उपचार आयआयटी मुंबई आणि टाटा स्मारक केंद्र यांनी मिळून विकसित केला. हा ग्राफीनचा उपचार नव्हे. पण प्रयोगशाळेपासून रुग्णापर्यंतची वाट तीच. या कामाला जवळजवळ एक दशक लागले. २०२१ साली खारघर येथे पहिल्या रुग्णावर उपचार झाला, ऑक्टोबर २०२३ मध्ये शासकीय मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते त्याचे लोकार्पण झाले. परदेशात जो उपचार कोट्यवधी रुपयांचा, तो येथे सुमारे दशांश किमतीत उपलब्ध झाला. शास्त्र सावकाश चालते. पण चालते तेव्हा गरिबाच्या दारापर्यंतही येऊ शकते.

ग्राफीनची वाट अद्याप अर्ध्यावर आहे. भारतातील कर्करुग्णाला नेहमीच्या उपचारात दिले जाते असे ग्राफीनचे कोणतेही औषध आज नाही. म्हणून समजा, मुरूड वा रेवदंड्याच्या एखाद्या कुटुंबापुढे कोणी ‘नॅनो उपचारा’ची झळझळीत पुस्तिका ठेवली आणि वाडी गहाण टाकण्याची वेळ आली, तर त्या कुटुंबाने माल पारखणाऱ्या व्यापाऱ्याप्रमाणे चार प्रश्न विचारावेत. हा उपचार उंदरांवर सिद्ध झाला आहे की माणसांवर? त्याला शासनाची मान्यता आहे काय? तो शास्त्रीय चाचणीचा भाग असेल तर रुग्णाकडून पैसे का मागितले जात आहेत? आणि हा उपचार घेण्यासाठी नेहमीचा सिद्ध उपचार थांबवावा लागेल काय? या प्रश्नांची लेखी उत्तरे मिळत नसतील, तर वाडी वाचवावी आणि रुग्णाला तडक मान्यताप्राप्त कर्करुग्णालयात न्यावे. दवडलेले तीन महिने कोणत्याही किमतीला परत विकत मिळत नाहीत.

आज हाती असलेले निदान

ग्राफीनचा सर्वांत मोठा वायदा कोणता? रोग लवकर ओळखण्याचा. परंतु लवकर ओळखण्यासाठी ग्राफीनची वाट पाहत बसण्याचे कारण नाही.

टाटा स्मारक केंद्राने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांमध्ये ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ स्त्रियांचा दीर्घकाळ अभ्यास केला. त्यांतील निम्म्या स्त्रियांची दर दोन वर्षांनी तपासणी झाली. ती करणाऱ्या मोठ्या डॉक्टर नव्हत्या. प्रशिक्षण दिलेल्या साध्या आरोग्यसेविका होत्या. गर्भाशयमुखाच्या तपासणीसाठी त्यांच्याजवळ होते ते व्हिनेगरमधील आम्ल. ते लावल्यावर रोगट भाग पांढरा दिसतो. स्तनांच्या तपासणीसाठी तर केवळ हाताचा शिकलेला स्पर्श होता. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटल्याचे २०१४ साली प्रसिद्ध झाले. पन्नाशीच्या पुढील स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाल्याचे २०२१ मध्ये. केरळात तिरुवनंतपुरम परिसरात आरोग्यसेवकांनी लोकांची तोंडे तपासली, तेव्हा तंबाखू वा मद्य घेणाऱ्यांमध्ये मुखकर्करोगाचे मृत्यू ३४ टक्क्यांनी उतरले. हे २००५ साली प्रसिद्ध झाले.

एक विजेरी, थोडे आम्ल आणि शिकलेला हात! एका अणूच्या जाडीचे वस्त्र जे उद्या करील अशी आशा आहे, त्यातील मोठा भाग ही तीन साधने आजच करतात.

रायगडच्या किनाऱ्यावर या तपासणीची निकड अधिक आहे. येथे मिश्री लावण्याची सवय जुनी आहे. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी असली, तरी ते व्यसन पुरते सुटलेले नाही. श्रीवर्धनची सुपारी ही या भूमीची ओळख आणि कित्येक कुटुंबांची उपजीविका होय. परंतु जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात तंबाखूविना खाल्लेली सुपारीसुद्धा कर्करोगकारक ठरवली आहे, हे कटू सत्य दृष्टिआड करून चालणार नाही. जेवणानंतर पाहुण्यापुढे तबक ठेवणाऱ्या प्रत्येक यजमानाने याचा विचार करावा. तोंडात पांढरा वा लाल चट्टा दिसणे, तोंड पूर्ण न उघडणे, तीन आठवड्यांत जखम न भरणे, यांपैकी काहीही आढळले तर ते दात-दुखीच्या मलमाने झाकू नये.

पूर्वी येथील रुग्णाला परळ गाठणे म्हणजे दिवसाचे काम होते. आता मांडव्याहून भाऊच्या धक्क्यापर्यंत २०२० पासून रो-रो बोट चालते. न्हावाशेव्याहून शिवडीला नेणारा अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला, आणि खारघर तर जिल्ह्यातच आहे. रुग्णालय जवळ आले; उशीर होतो तो घरातून निघायलाच. स्त्रिया संकोचाने बोलत नाहीत, पुरुष भीतीने बोलत नाहीत, आणि रोग मात्र दोघांच्या मौनाचा फायदा घेतो.

समाजातील दानशूर मंडळी वैद्यकीय साहाय्यासाठी नेहमीच सढळ हाताने पुढे येत असतात. शस्त्रक्रियेच्या बिलासाठी दिलेले दान थोर आहेच. परंतु वर्षातून एकदा गावोगावी तोंड, स्तन व गर्भाशयमुख यांची तपासणी घडवून आणण्यासाठी दिलेले दान त्याहून अधिक फळ देते. कारण ते बिल येण्याच्या आधीच रुग्णाला वाचवते. त्या शिबिरात संशयित आढळलेल्या प्रत्येक रुग्णासोबत रुग्णालयापर्यंत जाणारा एक कार्यकर्ता असावा. केवळ चिठ्ठी देऊन परत पाठवलेला रुग्ण पुष्कळदा घरीच थांबतो.

आंब्याच्या पानातून निघालेला तो चमकणारा कण एखाद्या दिवशी शरीरातील पहिली रोगट पेशी दाखवून देईल, अशी आशा बाळगण्यास शास्त्राने पुरेसा आधार दिला आहे. तो दिवस उजाडेपर्यंत विजेरीचा साधा प्रकाश तरी प्रत्येक तोंडात वेळेवर पडावा, एवढीच या सुवर्णमहोत्सवी वर्षात सर्वांना नम्र विनंती. संस्थेच्या पुढील वाटचालीस मनःपूर्वक शुभेच्छा.